सेवा करणारीचा ताप कोण मोजणार?

(सामुदायिक रेडिओवर आमच्या बचतगटाने दिलेले भाषण)

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू ठेवा. शेंगा फोडत असाल तर फोडत राहा, भाकरी थापत असाल तर थापत राहा. फक्त कान इकडे द्या. आज आम्ही गटातल्या बाया तुम्हाला एका वहीची गोष्ट सांगणार आहोत.

वही साधी आहे. शाळेतल्या पोरांची असते तशी, शंभर पानी. आमच्या गटातल्या एकीच्या घरातली. तिनंच ती बैठकीत आणली आणि म्हणाली, "रेडिओवर सांगा, पण माझं नाव घेऊ नका." म्हणून नाव सांगत नाही.

साल २०२१, एप्रिल महिना. करोनाची दुसरी लाट. तिच्या घरात सात माणसं. आधी दिराला ताप आला, मग सासऱ्यांना, मग सासूबाईंना, शेवटी नवऱ्याला. तालुक्याला खाट मिळेना. दोन खोल्यांत चार आजारी माणसं, दोन लेकरं आणि सगळ्यांचं करायला ही एकटी.

आशाताईंनी सांगितलं तसे तिनं वहीत रकाने आखले. नाव, ताप, ऑक्सिजन, गोळ्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दहा दिवस तिनं एकही खाडा केला नाही. अक्षरही किती नीट! बघून आम्हाला तिचा अभिमान वाटला. मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, "अगं, यात तुझं नाव कुठं आहे?"

वहीत चार नावं होती. पाचवं नव्हतं.

पाचव्या दिवशी तिला स्वतःला कणकण आली होती. अंग मोडून आलं होतं. तिनं घरातलीच तापाची एक गोळी घेतली आणि काम चालू ठेवलं. काढा उकळला, वाफेचं पाणी तापवलं, सासूबाईंना धरून मोरीपर्यंत नेलं-आणलं, चौघांची भांडी वेगळी घासली. दहाव्या दिवशी पाण्याची घागर उचलायला गेली आणि खालीच बसली. उठता येईना. आशाताईंनी ऑक्सिजन मोजायचं यंत्र तिच्या बोटाला लावलं. आकडा आला ८४. घरातल्या चौघांपैकी कुणाचाच आकडा इतका खाली गेला नव्हता.

१०८ ची गाडी आली. ती दवाखान्यात बारा दिवस ऑक्सिजनवर होती. देवाची कृपा आणि डॉक्टरांचे हात, ती परत आली. पण आजही शेताचा चढ चढताना तिला मध्ये दोनदा थांबावं लागतं.

आम्ही तिला विचारलं, "यंत्र तुझ्याच हातात होतं. दिवसातनं तीनदा दुसऱ्याच्या बोटाला लावत होतीस. स्वतःच्या का नाही लावलंस?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लावलं असतं आणि कमी आलं असतं, तर मग केलं कुणी असतं?"

मैत्रिणींनो, हेच आज बोलायचं आहे. तिला यंत्र वापरता येत होतं, आजाराची माहिती होती. पण आपण आजारी पडलो तर आपल्या जागी उभं राहायला कुणी नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं आजार बघायचंच टाळलं. आम्ही बैठकीत विचारलं, "करोनात घरच्यांची सेवा करताना किती जणींनी रोज स्वतःचा ताप मोजला?" दोनच हात वर झाले. त्यातली एक अंगणवाडीत काम करते.

आता कुणी म्हणेल, सेवा काय फक्त बायकाच करतात का? पुरुषही करतात. खरं आहे, करतात, आणि त्यांच्याबद्दलही आम्ही बोलणार आहोत. पण आधी हिशेब बघू. करोना येण्याच्या आधी, २०१९ साली, आपल्या देशात सरकारने एक मोठी पाहणी केली. माणसाचा दिवस कशात जातो, हे घरोघर विचारलं. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट असं घरचं बिनपगारी काम १०० पैकी ८१ बायका रोज करत होत्या. पुरुष करत होते २६. जे हे काम करत होते त्यांतल्या बाईचा वेळ जात होता दिवसाला २९९ मिनिटं, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुषाचा वेळ ९७ मिनिटं. घरातल्या लेकरांचं, म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं करण्यात बाईची १३४ मिनिटं आणि पुरुषाची ७६ मिनिटं. हा हिशेब साध्या दिवसांचा आहे. घरात करोना शिरल्यावर, शाळा बंद झाल्यावर, शहरातली माणसं गावी परतल्यावर त्यात किती भर पडली असेल, ते तुम्ही मनाशीच मांडा.

आणि हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. आपल्या आज्या-पणज्या 'मानमोडी'चं नाव काढायच्या. आठवतं का? १९१८ सालची ती तापाची साथ, इन्फ्लुएंझाची. त्या वर्षी पाऊसही नीट झाला नव्हता, धान्य महाग, माणसं आधीच अर्धपोटी. देशभरात एक कोटी वीस लाखांहून जास्त माणसं गेली असा तेव्हाचा अंदाज होता. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर. त्या साथीत आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त प्रमाणात दगावल्या, त्यातही वीस ते चाळीस वयाच्या. म्हणजे घरात राबणाऱ्या बायका. १९२१ च्या जनगणनेच्या अहवालात याचं कारण लिहून ठेवलं आहे. घरचं नेहमीचं काम तर बायकांवर होतंच, शिवाय स्वतः आजारी असतानाही दुसऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याच अंगावर पडली. हे शंभर वर्षांपूर्वी साहेबाच्या सरकारी कागदात आहे.

करोनात मात्र उलट झालं. मरणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त होते. आमच्याही गावात कुंकू पुसलं गेलेल्या तरण्याताठ्या बायका आहेत. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये राज्य सरकारला 'मिशन वात्सल्य' सुरू करावं लागलं. त्यामुळे कुणी म्हणतं, "करोना तर पुरुषांचाच आजार होता, बायकांचं काय एवढं?" आम्ही म्हणतो, दुःखाची अशी तुलना करू नये. पण मरण हा एकच हिशेब नसतो. जी जगली तिचं शरीर कशानं झिजलं, तेही बघायला हवं.

कशानं झिजलं? चार गोष्टी आम्ही आपापल्या घरात पाहिल्या, त्या सांगतो.

पहिली गोष्ट ताटाची. आपण शेवटी जेवतो. आजारपणात आजाऱ्याला अंडं, दूध, मोसंबी. ते द्यायलाच हवं. पण उरलं तर बाईला, नाहीतर चहा आणि शिळी भाकरी. आधीच आपल्या अंगात रक्त कमी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायकांना पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, होता. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये १०० पैकी २५ जणांना. अशा अंगावर दहा रात्रींचं जागरण पडलं तर काय होणार?

दुसरी गोष्ट झोपेची. आजारी माणूस रात्री खोकला की उठायचं, पाणी द्यायचं, कूस बदलायची, पालथं झोपवायचं. आणि पहाटे पुन्हा चूल पेटवायची. आजारी माणूस बरा झाल्यावर झोपला. सेवा करणारीला मात्र नंतर महिनोन् महिने झोप लागली नाही. कुठं कुणी खोकलं की छातीत धस्स व्हायचं. आमच्यातल्या एकीला अजून होतं.

तिसरी गोष्ट औषधाची. आमच्यातल्या दोघी-तिघींना रक्तदाबाची, साखरेची गोळी चालू आहे. घरात आजारपण आलं तेव्हा सगळ्यांच्या गोळ्या आणल्या, आपली संपली ते सांगायचंच राहिलं. कुणाची कंबर आजाऱ्याला उचलून धरली, कुणाची पाळी लांबली, कुणाला अंगावरून जास्त जायला लागलं. "आता हे कुठं सांगायचं, घरात मोठं आजारपण आहे," म्हणून सगळं गिळलं.

चौथी गोष्ट लशीची. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाला लस सुरू झाली, पण सुरुवातीला फोनवरून नोंदणी करावी लागायची. घरात चांगला फोन एकच आणि तो पुरुषाच्या खिशात. त्यात अफवा, की पाळीच्या दिवसांत लस घेऊ नये. सरकारने ती अफवा खोटी असल्याचं सांगितलं, पण गावात खरं पोचायला वेळ लागतो. गरोदर बायकांना तर २ जुलै २०२१ ला परवानगी मिळाली. तोवर दुसऱ्या लाटेचा मोठा भर ओसरलाही होता. म्हणजे रोज आजाऱ्याजवळ बसणारी बाई बऱ्याच घरांत लशीविनाच बसली.

आता पुरुषांचं सांगतो. आमच्या आळीत एक दादा आहेत. त्यांची बायको आजारी पडली, घरात दुसरं कुणी नाही. त्यांनी सगळं केलं. खिचडी करायला शिकले, तिचं लुगडं धुतलं, वेणीसुद्धा घातली. गावानं कौतुक केलं. शेजारणींनी डबे पोचवले. बहीण येऊन दाराबाहेरून चौकशी करून गेली. छान झालं. पण आमच्या मनात आलं, हेच एखादी बाई करते तेव्हा डबा कोण पोचवतं? तिचं कौतुक तर सोडाच, भाजीत मीठ कमी पडलं तर बोलणी बसतात.

पण त्याच दादांना आम्ही नंतर बैठकीला बोलावलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आम्ही गप्प झालो. म्हणाले, "रात्रभर तिचा श्वास मोजत बसायचो. भीती वाटायची. पण सांगू कुणाला? पुरुषानं रडायचं नसतं म्हणतात. मग तंबाखू वाढली." बायका निदान पाण्याच्या नळावर मन मोकळं करतात. पुरुष तेही करत नाहीत. इंजेक्शनसाठी रांगेत उभं राहणं, ऑक्सिजनसाठी गावोगाव फिरणं, सावकाराकडे जाणं, दवाखान्याच्या दारात रात्र काढणं, हे बऱ्याच घरांत पुरुषांनी केलं. तीही सेवाच होती आणि त्यातही जिवाला धोका होता. देशोदेशीच्या अनेक पाहण्यांत दिसलं, की सेवा करणाऱ्या बायकांनी काळजी, उदासी आणि झोप न लागण्याच्या तक्रारी पुरुषांपेक्षा जास्त सांगितल्या. पण पुरुष कमी सांगतात म्हणजे त्यांना कमी होतं, असं आम्ही धरत नाही. बाईचं दुखणं घर बघत नाही आणि पुरुषाचं दुखणं तो स्वतः दाखवत नाही. दोघांवरचा उपाय म्हणूनच थोडा वेगळा आहे. बाईच्या हातातलं काम काढून घ्यावं लागेल आणि पुरुषाला बोलतं करावं लागेल.

आमच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, "पोरींनो, सेवा म्हणजे पुण्य. त्याचा काय हिशेब मांडताय? सावित्रीबाईंनी नाही का प्लेगमध्ये जीव दिला?" आजींचं म्हणणं आम्ही मनावर घेतलं. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगनं गेल्या, रोग्यांची सेवा करता करता. ते आपण विसरणार नाही. पण त्यांनी काय केलं ते नीट बघा. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्यानं पुण्याबाहेर दवाखाना उघडला. सावित्रीबाईंनी आजारी मुलाला पाठीवर घेतलं आणि त्या दवाखान्यात आणलं. रोग त्यांनी झाकून ठेवला नाही. आजारी माणसाला घराच्या कोपऱ्यात ठेवून एकट्या बाईवर सोडलं नाही. आपण त्यांच्याकडून हे शिकू या. अंगात ताप असताना तो लपवून घागर उचलायची, हे त्यांनी शिकवलेलं नाही.

आता तुम्हाला एक गंमत सांगतो. आशाताईंनी आम्हाला घरी विलगीकरणाच्या सरकारी सूचना पुन्हा वाचून दाखवल्या. २०२० पासून त्या कागदावर एक ओळ होती. सेवा करणाऱ्यानं स्वतःचा ताप रोज मोजावा आणि लक्षण दिसलं की लगेच कळवावं. म्हणजे नियम होता! कागदावर होता, पण आपल्या वहीत त्याचा रकाना नव्हता. आणि ताप आल्यावर तिच्या जागी कोण उभं राहील, हे तर कागदावरही नव्हतं. ते आपल्यालाच ठरवायचं आहे.

म्हणून आमच्या गटानं काही गोष्टी ठरवल्या. साथ पुन्हा येवो न येवो, डेंग्यू आहे, क्षयरोग आहे, लकव्यानं अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. हे रोज उपयोगी पडणारं आहे.

एक. घरात आजारपण आलं की वही घालायची आणि पहिल्या ओळीत सेवा करणाराचं नाव लिहायचं. आजाऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत. दोघांचाही ताप मोजायचा. आजार श्वासाचा असेल तर दोघांचाही ऑक्सिजन मोजायचा. ९४ च्या खाली गेला, धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर झाले किंवा माणूस बरळायला लागला, तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन.

दोन. पाळी लावायची. एका माणसानं दिवस-रात्र दोन्ही करायचं नाही. रात्र एकानं घेतली तर दिवस दुसऱ्यानं. घरात धडधाकट पुरुष असेल तर त्याचं नावही पाळीत. मुलगा बारावीला आहे म्हणून सुटका नाही, मुलगी बारावीला असताना कुणी सोडतं का? सुरुवातीला घरोघर कुरकुर झाली. एका सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा भांडी घासणार?" सून म्हणाली, "आई, तुमचीच घासणार आहे." त्यावर सासूबाईही हसल्या.

तीन. सेवा करणारीचं ताट आधी वाढायचं. आजाऱ्याला भरवून झाल्यावर मग जेवते, हे बंद. सात जणींनी सात दिवस वाटून घ्यायचे आणि आजारी घरात एक वेळचा डबा गटातून पोचवायचा. डबा उंबऱ्यापाशी ठेवायचा, लांबूनच हाक मारायची आणि विचारायचं, "तू जेवलीस का? तुझा ताप किती?" हे दोन प्रश्न चुकवायचे नाहीत. घरी बाई सेवा करत असो की पुरुष, डबा जायचाच आणि प्रश्नही विचारायचेच. दादांसारख्या माणसासाठी आणखी एक प्रश्न: "रात्री झोप लागली का?" त्यावर तो बोलला तर घाई न करता ऐकायचं.

चार. तापमापक आणि ऑक्सिजनचं यंत्र गटाचं असावं. आपल्या गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते. तिला गावाच्या आरोग्यासाठी निधी मिळण्याची तरतूद आहे. आशाताई त्या समितीत असतात. ग्रामसभेत उठून विचारा, निधी आला का, कशावर खर्चला, त्यातून ही साधनं घेता येतील का. हे विचारताना आवाज थोडा कापतो. आमचाही कापला होता. तरी विचारा.

पाच. मनावर ताण आला असेल, झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस ही सेवा आहे. नंबर १४४१६. फोन फुकट आहे. एक-चार-चार-एक-सहा. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा, म्हणजे शोधावा लागणार नाही. घरातल्या पुरुषांनाही दाखवा.

आणि आशाताईंना विसरू नका. करोनात त्या घरोघर फिरल्या, सगळ्यांचं मोजलं, आणि घरी जाऊन पुन्हा स्वयंपाक केला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. आपण गावात निदान एवढं करू, त्या दारात आल्या की आधी विचारू, "ताई, तुम्ही जेवलात का?"

शेवटी त्या वहीचं सांगतो. आमच्या मैत्रिणीनं ती जपून ठेवली आहे. मागच्या महिन्यात तिच्या सासूबाई पुन्हा आजारी पडल्या, साधा हिवताप होता. तिनं तीच वही काढली. कोरं पान उलटलं. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, त्यापुढं ताप लिहिला, ९८. मग दुसऱ्या ओळीत सासूबाईंचं. रात्रीच्या पाळीला नवऱ्याचं नाव होतं. त्याला पहिल्या रात्री तापमापक कुठं लावायचं तेही कळेना. दुसऱ्या रात्री जमलं.

मैत्रिणींनो, आज रात्री भांडी आवरली की घरातली एक वही शोधा. पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहा आणि सुरुवात स्वतःच्या नावानं करा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून, नातवाकडून लिहून घ्या. कुणी विचारलं, "हे काय नवीन?" तर सांगा, रेडिओवर बायांनी सांगितलंय.

आता आम्ही थांबतो. जेवून घ्या. नमस्कार.